ब्रेक तुटला की पळवला?
विषाणू, अर्बुदरोधक जनुके आणि जनुकोपचार

१९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई उपचारासाठी आली. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी गाठीचा एक लहानसा तुकडा काढून घेतला. तो संशोधनासाठी वापरू का, असे तिला कोणी विचारले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. तिच्या पेशी मात्र काचेच्या नळीत वाढतच राहिल्या. तिच्या नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'हीला' पेशी असे नाव पडले.

माणसाच्या त्वचेतील साध्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तर साधारण पन्नासेक वेळा विभाजन झाल्यावर त्या थांबतात. हीला पेशी सत्तरहून अधिक वर्षे थांबलेल्या नाहीत. पेशींवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या इतक्या सवयीच्या असतात, की त्यांच्यामागे एक बाई होती, याचाही कधी कधी विसर पडतो. पण एक प्रश्न मात्र विसरून चालत नाही : या पेशी थांबत का नाहीत? त्यांचा ब्रेक तुटला आहे, की आणखी काही झाले आहे?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कर्करोगाचा उपचार कसा करायचा, हे अवलंबून आहे.

साचा आणि रबर

भाजी चिरताना बोट कापले, की जखमेच्या कडेच्या पेशी भराभर विभागू लागतात. आठवड्याभरात जखम भरते आणि विभाजनाचा वेग पुन्हा पहिल्यासारखा होतो. बोटावर मांसाचा डोंगर उभा राहत नाही. म्हणजे पेशीला वाढायला सांगणारी यंत्रणा जशी असते, तशीच 'आता पुरे' असे सांगणारीही असते.

'आता पुरे' सांगणाऱ्या जनुकांना अर्बुदरोधक जनुके म्हणतात. अर्बुद म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीतून तयार झालेली गाठ. पुढचे समजण्यासाठी जनुक आणि प्रथिन यांतील फरक नीट लक्षात घेऊ. सायकलच्या ब्रेकला रबर असते. चाक थांबवण्याचे काम रबर करते. पण ते रबर एका साच्यातून तयार झालेले असते. जनुक म्हणजे हा साचा आणि प्रथिन म्हणजे त्यातून निघालेले रबर. साचा स्वतः चाक थांबवत नाही. तो फक्त लागेल तसे नवे रबर पुरवतो.

आपल्या पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. म्हणजे एकाच रबराचे दोन साचे घरात असतात. एक साचा मोडला, तरी दुसऱ्यावर काम भागते. १९७१ साली आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून असा अंदाज मांडला, की ही गाठ होण्यासाठी दोन आघात व्हावे लागतात. ज्या मुलांना हा रोग घराण्यातून येतो, त्यांचा एक साचा जन्मतःच मोडलेला असतो. त्यामुळे त्यांच्यात रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत दिसतो. इतर मुलांमध्ये एकाच पेशीतील दोन्ही साचे योगायोगाने मोडावे लागतात, म्हणून रोग उशिरा आणि एकाच डोळ्यात दिसतो. १९८६ साली हे जनुक प्रत्यक्ष हाती लागले. त्या रोगाच्या इंग्रजी नावावरून त्याला 'आरबी' म्हणतात.

आरबीचे प्रथिन एखाद्या दारवानासारखे असते. पेशीने विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करायची असते. ती सुरू करून देणाऱ्या प्रथिनांना आरबी धरून ठेवते आणि योग्य निरोप आल्यावरच सोडते.

दुसरे प्रसिद्ध अर्बुदरोधक प्रथिन म्हणजे पी-५३. हे तपासनिसाचे काम करते. डीएनएला इजा झाली, की ते पेशीला थांबवते आणि दुरुस्तीला वेळ देते. इजा फारच मोठी असेल, तर ते पेशीला मरण्याचा आदेश देते. माणसाच्या सर्व प्रकारच्या कर्करोगांचा एकत्र विचार केला, तर निम्म्याच्या आसपास गाठींमध्ये पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते.

पी-५३ च्या शोधाची कथा मोठी बोलकी आहे. १९७९ साली काही प्रयोगशाळा माकडांमध्ये आढळणाऱ्या एका विषाणूवर काम करत होत्या. प्राण्यांमध्ये गाठी निर्माण करणारे या विषाणूचे एक प्रथिन वेगळे काढताना, त्याला घट्ट चिकटून पेशीचे स्वतःचे एक प्रथिन दर वेळी बाहेर येऊ लागले. त्याचे रेणुभार ५३ हजार असावे असे वाटले, म्हणून पी-५३ हे नाव. (प्रत्यक्षात ते ४४ हजारांच्या आसपास भरते, पण नाव तेच राहिले.) गाठ करणाऱ्या प्रथिनाबरोबर सापडले, तेव्हा हेही गाठच करत असणार, असे सुमारे दहा वर्षे मानले गेले. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला, की सुरुवातीच्या प्रयोगांत वापरलेली पी-५३ ची जनुके मुळातच बिघडलेली होती. चांगले पी-५३ गाठ करत नाही, ती रोखते. मग विषाणूचे प्रथिन त्याला चिकटले होते ते कशासाठी? सोबतीसाठी नव्हे, तर त्याचे हात बांधण्यासाठी!

विषाणूला काय हवे असते?

आता हेन्रिएटाच्या गाठीकडे परत येऊ. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे संसर्ग असावा, अशी शंका जुनी होती. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंच्या कुळावर, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस किंवा एचपीव्हीवर, बोट ठेवले. १९८३ साली त्यांच्या गटाला या कर्करोगात एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. हा अठराव्या प्रकारचा डीएनए हीला पेशींमध्येही होता. या कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला माहीत आहे, की गर्भाशयमुखाचे जवळजवळ सर्व कर्करोग एचपीव्हीमुळे होतात आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना १६ व १८ हे दोन प्रकार जबाबदार असतात.

एचपीव्हीचा डीएनए सुमारे ८,००० अक्षरी आहे. माणसाच्या डीएनएची ३०० कोटी अक्षरे पाहता ही एक चिठ्ठीच म्हणायची. एवढ्याशा चिठ्ठीत डीएनएची नक्कल करण्याची सगळी यंत्रे मावत नाहीत. ती विषाणूला पेशीकडून उसनी घ्यावी लागतात. पण अडचण अशी, की त्वचेच्या तळच्या थरातून वर सरकणाऱ्या पेशी विभागणे थांबवतात आणि नक्कल करणारी यंत्रे बंद करतात. गिरणी बंद असताना दळण कसे मिळणार?

यासाठी विषाणूकडे दोन जनुके आहेत, ई-६ आणि ई-७. ई-७ चे प्रथिन आरबीला पकडते. दारवानाचे हात अडकले, की त्याने धरून ठेवलेली प्रथिने सुटतात आणि गिरणी सुरू होते. पण अवेळी गिरणी सुरू झालेली पाहून तपासनीस, म्हणजे पी-५३, जागा होतो. त्याची व्यवस्था ई-६ लावते. आपल्या पेशीत निकामी प्रथिनांवर एक खूण चिकटवली जाते आणि खूण असलेली प्रथिने मोडीत काढली जातात. ही पेशीची नेहमीची सफाई आहे. ई-६ ही खूण लावणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाला हाताशी धरते आणि धडधाकट पी-५३ वरच मोडीची खूण लावून घेते. ई-६ हे पी-५३ ला असे नष्ट करते, हे १९९० साली अमेरिकेत पीटर हाउली यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

यात विषाणूचा हेतू कर्करोग करण्याचा नसतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. त्याला फक्त आपल्या नकला काढायच्या असतात. बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा संसर्ग एक-दोन वर्षांत निघूनही जातो. थोड्या जणींमध्ये तो वर्षानुवर्षे टिकून राहतो. त्यांतील काहींमध्ये विषाणूचा वर्तुळाकार डीएनए मध्येच तुटून पेशीच्या गुणसूत्रात अडकून बसतो. तुटताना बरेचदा त्याचे ई-२ हे जनुक निकामी होते. ई-२ चे एक काम ई-६ व ई-७ यांना आवर घालण्याचे असते. आवर घालणाराच गेल्यावर ही दोन जनुके मोकाट सुटतात. तपासनीस नसलेल्या पेशीत मग बिघाडांची भर पडत जाते आणि दहा, पंधरा, वीस वर्षांनी कर्करोग उभा राहतो. गुणसूत्रात असा अडकून पडलेला विषाणू पुन्हा बाहेर पडून दुसऱ्याला लागू शकत नाही. कर्करोग हा विषाणूच्याही दृष्टीने अपघातच आहे.

साचा शाबूत आहे

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. १९९१ साली हाउली यांच्याच गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाढवलेल्या सात पेशीवंशांची तपासणी केली. पाचांमध्ये एचपीव्ही होता, दोघांमध्ये नव्हता. एचपीव्ही नसलेल्या दोन्ही वंशांत पी-५३ आणि आरबीची जनुके बिघडलेली निघाली. एचपीव्ही असलेल्या पाचही वंशांत मात्र ही जनुके व्यवस्थित होती!

या निकालाचा अर्थ पाहा. गाठ होण्यासाठी ब्रेक जायलाच हवा. पण तो दोन तऱ्हांनी जाऊ शकतो. एक तर साचा मोडतो, म्हणजे रबर तयारच होत नाही किंवा वेडेवाकडे होते. नाही तर साचा शाबूत असतो, रबरही रोज तयार होते, पण कोणी तरी ते लावल्या लावल्या काढून नेतो. विषाणूजन्य कर्करोगात हा दुसरा प्रकार असतो. हेन्रिएटाच्या पेशींत पी-५३ चा साचा गेली सत्तरहून अधिक वर्षे मुकाट्याने रबर काढतो आहे आणि ई-६ ते पळवते आहे.

मग उपाय कोणता? साचा मोडला असेल, तर नवा साचा द्यावा. रबर पळवले जात असेल, तर चोराला धरावे.

जनुकोपचाराचे दोन मार्ग

पेशीत नवे जनुक पोचवून किंवा असलेल्या जनुकात बदल करून रोग बरा करण्याच्या पद्धतीला जनुकोपचार म्हणतात. मान्यताप्राप्त असा पहिला उपचार अमेरिकेत १९९० साली, प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषासाठी झाला. जनुक पेशीत पोचवायला वाहन लागते आणि ते वाहन बहुधा विषाणूच असतो, अर्थात रोग निर्माण करणारा भाग काढून टाकलेला. पेशीत शिरण्याची कला त्याच्याइतकी कोणाला साधते?

नवा साचा देण्याचा मार्ग प्रत्यक्षात आला आहे. सर्दीसारखे आजार करणाऱ्या अॅडेनो विषाणूवर पी-५३ चे जनुक चढवून तयार केलेल्या औषधाला चीनमध्ये २००३ साली, डोके व मानेच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. जगात कोठेही मंजूर झालेले ते पहिले जनुकोपचाराचे औषध मानले जाते. पण एचपीव्हीच्या गाठीत हाच मार्ग धरला, तर काय होईल? ई-६ जागेवरच आहे. नव्या साच्यातून निघालेले रबरही ते पळवू लागेल. प्रयोगशाळेत भरमसाट पी-५३ तयार करवून ई-६ वर मात करता येते, पण ती चोरापेक्षा जास्त माल ओतण्याची स्पर्धा झाली.

दुसरा मार्ग चोराला धरण्याचा. २००० साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हीला पेशींमध्ये ई-२ हे जनुक पुन्हा घातले. ई-६ व ई-७ गप्प झाली. काही दिवसांतच पी-५३ साठू लागले, आरबी कामावर हजर झाले, डीएनएची नक्कल थांबली आणि पेशी म्हाताऱ्या झाल्यासारख्या विभागेनाशा झाल्या. जवळजवळ पन्नास वर्षे न थांबलेल्या पेशी थांबल्या! बाहेरून नवा ब्रेक बसवावा लागला नाही. त्यांचा स्वतःचाच ब्रेक लागला.

याच सुमारास जनुक गप्प करण्याची आणखी एक युक्ती हाती आली होती. जनुकाचा निरोप आरएनएच्या रूपाने जात असतो. त्या निरोपाशी जुळणारा आरएनएचा छोटा दुपदरी तुकडा पेशीत सोडला, तर पेशी तो निरोपच फाडून टाकते. या शोधासाठी अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांना २००६ चे नोबेल मिळाले. २००२ पासून अनेक गटांनी अशा तुकड्यांनी ई-६ आणि ई-७ चे निरोप फाडून दाखवले. पेशींची वाढ खुंटली, काही पेशी मेल्या. यातील खुबी अशी, की ही दोन जनुके विषाणूची आहेत. निरोगी पेशीत ती नसतातच, त्यामुळे बाण चुकून तिला लागला, तरी फोडायला तिथे काही नसते.

मग घोडे कोठे अडले?

काचेच्या बशीत इतके सोपे, तर रुग्णात का नाही? एक गणित वर्गात घालून पाहावे. सेंटिमीटरभर गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात असे धरू. आपले औषध ९९.९ टक्के पेशींत पोचले, असे समजू. परीक्षेत इतके गुण पडले, तर पेढे वाटू! पण इथे ०.१ टक्का, म्हणजे १० लाख पेशी उरल्या. त्या फक्त दहा वेळा दुप्पट झाल्या, की गाठ पुन्हा १०० कोटींची.

जन्मजात दोषांच्या बाबतीत थोड्या पेशी सुधारल्या, तरी शरीराचे काम भागू शकते. कर्करोगात मात्र प्रत्येक पेशी गाठावी लागते. शिवाय वाहन म्हणून वापरलेल्या विषाणूवर शरीर उलटू शकते. १९९९ साली अमेरिकेत अशाच एका चाचणीत, वेगळ्या आजारासाठी, १८ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि या क्षेत्राला सावध व्हावे लागले.

म्हणून आता तिसरी वाट शोधली जात आहे. प्रत्येक पेशीपर्यंत आपण जाण्याऐवजी, शोध घेऊन मारणारी आणि स्वतःची संख्या वाढवणारी फौज पाठवायची. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून घेतात, ई-७ चे तुकडे ओळखणारे जनुक त्यांच्यात घालतात आणि त्या परत शरीरात सोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२१ साली अशा १२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांचा रोग पसरलेला होता आणि आधीचे उपचार थकले होते. त्यांपैकी सहा जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. बारांत सहा हा आकडा लहान आहे आणि आकसणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. पण विषाणूचे जे शस्त्र त्यालाच ओळखीची खूण म्हणून त्याच्यावर उलटवता येते, एवढे यातून सिद्ध झाले.

चोर घरात येण्यापूर्वी

हे सगळे वाचून एक जण विचारील, विषाणूला मुळात शिरूच दिले नाही तर? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आज तरी याचेच उत्तर सर्वांत खात्रीचे आहे.

एचपीव्हीवरील पहिली लस २००६ साली आली. तिच्यात विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन असते. डीएनए नसतो, ई-६ नसते, ई-७ नसते, त्यामुळे लसीपासून संसर्ग होण्याची शक्यता नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या भारतीय लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. लस शरीराला कवच ओळखायला शिकवते. पण तळच्या थरात दडलेला विषाणू कवच दाखवत नाही, आणि गाठीतील पेशी तर ते तयारही करत नाहीत. म्हणून झालेला संसर्ग किंवा झालेला कर्करोग या लशीने बरा होत नाही. संसर्ग लैंगिक संबंधांतून पसरतो, म्हणून ती त्यापूर्वी, ९ ते १४ या वयात द्यायची असते. हे वय शाळेचे आहे, आणि इथे शिक्षकांचा संबंध येतो. पालक प्रश्न विचारतात ते बहुधा शाळेतच.

ज्यांचे ते वय केव्हाच उलटले, त्या आयांचे आणि आज्यांचे काय? त्यांच्यासाठी तपासणी आहे, आणि तिचा एक मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर साधारण तेवढ्याच मोठ्या, चाचणी न दिलेल्या गटात ६४. तुलनेच्या गटाला चाचणी न देणे योग्य होते का, यावर पुढे वाद झाला. हेन्रिएटाला न विचारता घेतलेल्या तुकड्यासारखाच हाही प्रश्न आहे आणि तो विज्ञानाने टाळू नये. पण चौतीस आणि चौसष्ट यांतला फरक विसरूही नये. संसर्ग आणि कर्करोग यांच्यामध्ये दहा-वीस वर्षांचा अवधी असतो. त्या काळात चोर सापडला, तर बदललेल्या पेशी गोठवून किंवा काढून टाकता येतात.

आंतरराष्ट्रीय संस्थेच्याच २०२० च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने सुमारे ७७ हजार स्त्रिया दगावल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या गाठींमध्ये, हीला पेशींप्रमाणेच, ब्रेकचा साचा शेवटपर्यंत शाबूत असणार. तो वापरून गाठ थांबवण्याची विद्या अजून बशीतून रुग्णापर्यंत पुरती पोचलेली नाही, आणि आम्ही संशोधक त्याच खटपटीत आहोत. पण रबर चोरणाऱ्याला दाराबाहेर ठेवायचे कसे, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. ते सातवी-आठवीच्या वर्गापर्यंत आणि तिथून घराघरांतील आयांपर्यंत पोचवायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही.